पथ्य नाय, सोडलंय

मांडी घालून लई वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात. पाय झटकला, चार पावलं टाकली, की जातात. माझ्या आल्या त्या मुक्कामालाच राहिल्या. आधी तळपायाला, मग घोट्यापर्यंत, मग एक दिवस हाताच्या बोटांना. पाहुणे परवडले, ते निदान चहा पिऊन जातात.

आता बाजारात लोक मला थांबवून विचारतात, आबा, माझ्याबी पायाला तसंच होतंय, काय करू? चौकात उभं राहून एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाय. औषधांची नावं माझ्याकडून ऐकू नका आणि माझ्या नावावर दुकानातून आणूबी नका, सरळ दवाखान्यात जा. माझ्यावर काय गुदरलं तेवढं मी सांगतो. डॉक्टरपुढं बसल्यावर जी एक गोष्ट माझ्या तोंडातून महिनोन्महिने निघाली नाय, ती तुमच्या निघावी, एवढीच इच्छा आहे.

माझं नाव रंगनाथ. लासूर स्टेशनला एका जिनिंगमध्ये, म्हंजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापसाची प्रत ठरवतो. शेतकरी माल घेऊन आला की पहिला हात माझा. चिमूटभर कापूस घ्यायचा, सरकीपासून रुई सोडवायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, जुळवायची, पुन्हा ओढायची. धागा किती लांब, किती चिवट, हे बोटं सांगतात. डोळे नुसते साक्षीला असतात. हे काम मला कुणी शाळेत शिकवलं नाय, पोरवयापासून करत करत बोटांत उतरलं.

हवा ओढली

दिवाळी झाली होती. जिनिंगच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग होती. मी एका मालातली चिमूट घेतली आणि ओढायला लागलो. ओढतोय, जुळवतोय, पुन्हा ओढतोय. समोरचा शेतकरी नुसता बघत होता. मग हळूच म्हणाला, "आबा, तो कवाच खाली पडला."

मी खाली बघितलं. कापूस माझ्या पायाशी पडलेला आणि मी आपला हवा ओढतोय. बोटांच्या चिमटीत काही आहे का नाय, हे बोटांना कळत नव्हतं.

मी काय करावं? त्याच्यावरच खेकसलो. मला शिकवतो का, म्हणालो. स्वभावच तसा, त्याला औषध नाय. मग मी मालकाकडं गेलो आणि सांगितलं की माझ्या हाताला बरं नाय, दुसऱ्या कुणाला उभं करा. मालक म्हणाले, एक दिवस आराम करा. पण हा एका दिवसाचा मामला नाय हे मला उमगलं होतं, कारण तोवर पायातली चप्पलबी गळून पडायला लागली होती. मी पुढं निघून जायचो आणि मागून कुणीतरी हाक मारून ती आणून द्यायचं.

भीती पोटाची नव्हती. पोरगा संतोष शेंद्र्याला कंपनीत आहे, थोडं शेत आहे, दारात म्हैस आहे. भीती वेगळी होती. भाव मी ठरवत नसतो, तो बाजार ठरवतो. पण माझ्या बोटांनी माल चांगला म्हटला की शेतकरीबी मानायचा आणि मालकबी मानायचे. दोन्ही बाजू ज्याचं ऐकतात असा माणूस बाजारात लई अवघड असतो, आणि तो मी होतो. ही बोटं गेली तर मागं उरलेला रंगनाथ कोण? बोटं परत येतील का, हा एकच सवाल उराशी घेऊन मी पुढचे महिने काढले.

पथ्य काही?

लासूर स्टेशनच्या डॉक्टरांनी साखर तपासली. साखर नव्हती. मग कंबरेचा फोटो झाला. मणक्यात नस दबत असंल म्हणाले, पट्टा दिला. पट्टा बांधून मी ताठ झालो, पण मुंग्या काय हालल्या नाय. मग शहरात नेऊन मला त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं. आत धडाधड आवाज, आणि मी आपला डोळे मिटून नामस्मरण करतोय. निघालं काय, तर वयाप्रमाणं झीज.

कुणी हयगय केली असं मी म्हणणार नाय. सगळ्यांनी नीट विचारपूस केली. आणि प्रत्येकानं न चुकता विचारलं, खाण्यापिण्याचं काही पथ्य आहे का? मी म्हणायचो, नाय. माझ्या गळ्यात माळ आहे, त्यामुळं मटण-अंडी सोडून बाकी सगळं चालतं असंही सांगायचो. शेजारून माझी बायको कौशल्या भर घालायची की घरची म्हैस आहे, दुधातुपाला काय तोटा नाय.

आता बघा, ह्यात खोटं कुणीच बोललं नव्हतं. म्हैस होती. दूध होतं. पथ्य नव्हतं. आमच्यात पथ्य म्हंजे वैद्यानं नाहीतर डॉक्टरनं सांगितलेलं. काविळीत तेलकट नको, खोकल्यात आंबट नको. आजार गेला की पथ्य सुटतं. मी दुधाचा थेंब तोंडात घालत नव्हतो, पण ते पथ्य नव्हतं. ते सोडलेलं होतं. ज्यांच्या घरात कुणी काशी-गया करून आलंय त्यांना हा फरक कळंल, बाकीच्यांसाठी सांगतो.

अक्षयवटाखाली

आई गेल्यावर वर्षसराद झालं आणि आम्ही भाऊबंद मिळून गयेला गेलो. पिंडदान झालं. शेवटी अक्षयवटाखाली तिथला पंडा म्हणाला, आता पितरांच्या नावानं एकेक आवडती वस्तू सोडा. तिथं सोडलेली वस्तू पुन्हा जन्मभर तोंडात घालायची नसते.

माणूस लई हुशार जनावर आहे. माझ्या चुलतभावानं, सुभाननं, फणस सोडला. लासूरला फणस बघायला तरी मिळतो का? दुसऱ्यानं कारलं सोडलं, जे त्यानं आईचा मार खाऊनही कधी खाल्लं नव्हतं. पंड्याचा तर तो रोजचाच धंदा. माझी पाळी आली तेव्हा तो आपणहून म्हणाला, तुम्ही रामफळ सोडून द्या.

पण मी पडलो तिरसट. एवढ्या लांब येऊन देवाशीच लबाडी करायची तर तिकीट कशाला काढायचं? मला आयुष्यात सगळ्यात जास्त काय आवडायचं, तर दूध. सकाळी धारोष्ण, संध्याकाळी भाकरी कुस्करून, गूळ घालून, बिनगुळाचं, कसंबी. मी म्हणालो, दूध सोडलं. दूध आणि दुधाचं जे जे होतं ते सगळं. दही, ताक, तूप, चहातलंसुद्धा. सुभान कानाशी येऊन म्हणाला, अरं चहापुरतं तरी ठेव. मी म्हणालो, सोडलं म्हंजे सोडलं.

आणि सोडलेल्याचा गाजावाजा करायचा नसतो. बोललं की पुण्य उतरतं, असं आम्ही मानतो. कौशल्या माझा चहा कोरा करायला लागली, ताटातली ताकाची वाटी बंद झाली, आणि दोन-तीन वर्षांत घरालाही ते अंगवळणी पडलं. आपण श्वास घेतो हे कुणी डॉक्टरला सांगतं का? तसंच ते झालं होतं. म्हणून पथ्याचं विचारल्यावर तिच्याबी डोक्यात ते आलं नाय.

ताट

मुंग्यांच्या जागी हळूहळू बधिरपणा आला. आमच्या पिढीच्या माणसाला बधिर बोटं म्हटलं की एकच रोग आठवतो. त्याचं नाव घ्यायला जीभ वळत नाय. लहानपणी गावाबाहेर झोपडीत एकटा राहणारा माणूस मी बघितला होता. त्याला भाकरी लांबून टाकायचे. तो रोग आता गोळ्यांनी बरा होतो, आणि माणसाला असं टाकून देण्यासारखं त्याच्यात कधीच काही नव्हतं, हे मला पुढं दवाखान्यात समजावून सांगितलं. ऐकून, त्या माणसाशी आम्ही जसं वागलो त्याची मला फार लाज वाटली. पण ते पुढचं.

तेव्हा मी कुणाला न सांगता माझं ताट-तांब्या वेगळं केलं. जेवायला ओट्यावर एकटा बसायला लागलो. नात मांडीवर यायला लागली की ओरडायचो. ती रडायची, सूनबाई गाल फुगवायची, आणि संतोष म्हणायचा की दादांचं, म्हंजे माझं, डोकं फिरलंय.

कौशल्यानं हे थोडे दिवस बघितलं. मग एका दुपारी ती तिची भाकरी हातात घेऊन आली, माझ्यासमोर बसली, आणि माझ्या ताटात भाकरी मोडून माझ्याच वरणात बुडवून खायला लागली. मी ताट मागं ओढलं, तिनं परत पुढं ओढलं. जेवण झाल्यावर तिनं माझं ताट उचललं आणि घरच्या सगळ्या ताटांमध्ये टाकून घासलं. मी तिच्याकडं बघत राहिलो. इतकी वर्षं जिच्याशी संसार केला ती बाई एवढी मोठी आहे, हे मला त्या दिवशी दिसलं.

शीव

पुढं एकदा सकाळी मोरीत तोंड धूत होतो. साबण लावला, डोळे मिटले, आणि धाडकन पडलो. चक्कर नव्हती, घसरलोही नव्हतो. डोळे मिटल्याबरोबर आपले पाय कुठं आहेत तेच मला कळेना. संतोषनं सुट्टी टाकली, गाडी केली, आणि मला शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणून भरती केलं.

वॉर्डात दिवस लवकर उगवतो. आधी झाडू, मग फिनेल, मग चहाची किटली, मग डॉक्टरांची फेरी. शेजारच्या खाटेवर चितेगावचे एक चाचा होते. मी भिंत धरून, खाली बघत, पाय आपटत चालायचो, तर ते म्हणायचे, "आहिस्ता मियाँ, फरशी कहीं भागी नहीं जा री." मला पहिल्यांदा राग आला, मग हसू आलं. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसलो तो त्यांच्यामुळं.

आमच्या वॉर्डाच्या डॉक्टर म्हंजे परभणीकडच्या एक मॅडम होत्या. वयानं माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी मला पाय पसरून बसवलं. खिशातून लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी काढलं, तळहातावर आपटलं आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवलं. म्हणाल्या, थरथर जाणवते? मी म्हणालो, कसली थरथर? परत आपटलं, घोट्यावर टेकवलं. काय नाय. नडगीवर टेकवलं. काय नाय. मग गुडघ्याच्या हाडावर टेकवलं आणि अंगातून झूंऽऽ करून काहीतरी गेलं. मी दचकून मागं सरलो.

ते मघापासून वाजतच होतं! माझ्या पायात वाजत होतं आणि मला पत्ता नव्हता. दोन गावांच्या मधून जावी तशी माझ्या अंगातून एक शीव गेली होती. शिवेच्या वर मी होतो, खाली नुसते पाय होते. ते माझे असून माझे नव्हते. भीती वाटलीच, पण खरं सांगतो, भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं. एवढी वर्षं मी ह्या अंगात राहतोय आणि ह्याच्या हद्दी मला कुणी दाखवल्या नव्हत्या.

मग मॅडमनं ट्रेमधून कापूस घेतला. म्हणाल्या, "डोळे मिटा. बोटाला लागलं की हो म्हणा."

मी डोळे मिटून बसलो. वाट बघितली. बराच वेळ गेला तेव्हा विचारलं, "मॅडम, कधी सुरू करताय?"

"झालं पण, आबा," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले तर त्यांच्या हातात कापसाचा बोळा, माझ्या बोटाला टेकलेला. कापूस, आणि माझ्या बोटांना कळला नाय. मी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि लहान पोरासारखा रडलो. मॅडम घाईनं निघून गेल्या नाय, थांबल्या. सगळ्या अंगाची कातडी बघून त्यांनी सांगितलं की तुम्ही ज्या रोगाला भिताय तो हा नाय. मग रक्त काढून पाठवलं.

चहा

दुसऱ्या दिवशी फेरीला मॅडम आल्या, मागं शिकाऊ डॉक्टरांची पलटण. माझ्या खाटेजवळच्या टेबलावर सकाळचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"आबा, चहा घेतला नाही?"

"दुधाचा हाय."

"दूध चालत नाही का तुम्हाला?"

"चालतं की. न चालायला काय झालं?"

"मग?"

"सोडलंय."

त्या काहीतरी लिहीत होत्या, त्यांचा हात थांबला. दुसरं कुणी असतं तर पुढच्या खाटेवर गेलं असतं. मॅडमनं विचारलं, "कुठं सोडलं? गयेला?"

मी चाट पडलो. म्हणालो, व्हय. तर म्हणाल्या, त्यांच्या आजीनं काशीला वांगं सोडलं होतं आणि आजी असेपर्यंत घरात वांग्याचं नाव निघायचं नाय. मग स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्याच. कधी सोडलं, दही का, ताक का, तूप का, असं एकेक विचारत गेल्या आणि मी सगळ्याला व्हय म्हणत गेलो. मटण-अंडी विचारल्यावर गळ्यातली माळ दाखवली.

"काल मी तुम्हाला विचारलं होतं, काही पथ्य आहे का."

"व्हय."

"तुम्ही नाही म्हणालात."

"पथ्य नायच हाय, मॅडम. सोडलंय."

त्यांनी कपाळाला हात लावला आणि हसल्या. मग वळून त्या पलटणीला म्हणाल्या की इथून पुढं पेशंटला पथ्य विचाराल तेव्हा लगेच दुसरा प्रश्न विचारायचा, काही सोडलंय का? पलटणीनं माना हलवल्या. एक-दोघांना काय कळलं नसावं, त्यांची तोंडं तशीच राहिली.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मॅडमचा अंदाज खरा निघाला. बी-ट्वेल्व्ह नावाचं जीवनसत्त्व माझ्या अंगात जवळजवळ उरलंच नव्हतं.

हे वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरपुढं बसलात की काय खाता ते सांगा, आणि काय सोडलंय तेबी सांगा. डॉक्टरला सांगितल्यानं पुण्य उतरत नाय. मी मॅडमना सांगितलं, अजून तरी काही झालेलं नाय.

लाल थेंब

मॅडमनं मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. नसांवर एक वेष्टण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. ते धड राहायला हे जीवनसत्त्व लागतं. रोज लागतं किती, तर मिठाच्या कणाहून कमी. भाजीपाल्यात, डाळीत ते मिळत नाय. मटण-अंडी माळेनं गेलेली, उरलं होतं दूध, ते मी स्वतः बंद केलं.

मी विचारलं, मग गयेहून आल्या आल्या का नाय पडलो आजारी? त्या म्हणाल्या, शरीर साठा करून ठेवतं. काळजात, म्हंजे यकृतात. तुम्ही आधी भरपूर दूध प्यालात, त्या साठ्यावर इतकी वर्षं निघाली.

हे ऐकून मी दिवसभर स्वतःच्या हातापायांकडं बघत बसलो. कौशल्याला वाटलं मला काहीतरी वाईट सांगितलं. पण मी नुसता थक्क झालो होतो. आई असताना प्यालेलं दूध माझ्या अंगात कुणीतरी जपून ठेवलं होतं. ती गेली, मी गयेला गेलो, तोऱ्यात सगळं सोडून आलो, आणि तरी आत कुणीतरी तेच दूध कणाकणानं काढून मला चालवत होतं, बोलवत होतं, माझ्याकडून कापूस ओढवून घेत होतं. मला न विचारता, न सांगता. सगळं संपलं तेव्हाच मला खबर लागली. एवढ्या काटकसरीनं माझ्या घरात कुणी संसार केला नसंल.

मी धीर करून विचारलं, बोटं येतील का? मॅडमनं खोटं सांगितलं नाय. म्हणाल्या, बरंचसं येईल, सगळं येईल असं वचन मी देणार नाही. येताना दुखेल, जळजळेल. दुखायला लागलं की मला सांगा, मला आनंद होईल.

ते इंजेक्शन लाल होतं. तसं औषध मी आधी कधी बघितलं नव्हतं, डाळिंबाच्या दाण्यासारखं लालचुटुक. एवढासा थेंब. मी उंचापुरा माणूस, आणि माझं सगळं आता त्या थेंबावर होतं. कौशल्यानं त्या सुईला हात जोडले. सिस्टरला हसू आलं, पण मला नाय आलं.

आधी रोज, मग आठवड्याला. एका सकाळी तळव्यांची आग आग व्हायला लागली. बोटांत कुणी सुया खुपसाव्यात तसं झालं. मी खाटेवरून ओरडलो, "मॅडम, दुखतंय!" दुखतंय म्हणून आनंदानं ओरडणारा माणूस त्या वॉर्डानं बघितला नसावा. चाचांनी हात वर करून दुवा मागितली.

त्या वाजणाऱ्या चिमट्यानं शीव खाली सरकताना मी बघितली. गुडघ्यावरून नडगीवर आली, मग घोट्याकडं. घरी आल्यावर एक दिवस अनवाणी उभा होतो तर शहाबादी फरशी गार लागली. फरशी गार असते हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ती मला लागली. मी तसाच उभा राहिलो. सूनबाई म्हणाली, दादा, सरका, पुसायचंय. मी म्हणालो, जरा थांब, बाई.

आक्का

पण घरात दुधावरून रण माजलं. मॅडम म्हणाल्या होत्या की इंजेक्शन चालू राहील, त्यामुळं तुमचा नेम मोडा असं मी म्हणणार नाही, पण घेतलंत तर बरंच. तेवढं बास झालं. कौशल्या सकाळ-संध्याकाळ दूध पुढं ठेवायची, मी परत सारायचो. संतोष चिडून म्हणाला, मेलेल्या माणसासाठी जित्या माणसानं लुळं व्हायचं का? मी त्याला आजीचं नाव नीट घे म्हणून झाडलं. दोन दिवस बाप-लेक बोललो नाय. मला भ्या होतं. आईच्या नावानं सोडलेलं मी परत घेतलं तर तिला काय वाटंल, हा विचार माझी पाठ सोडत नव्हता.

मग करमाडहून आक्का आली, माझी थोरली बहीण. आक्का जास्त बोलत नाय. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, दुधाचा पेला उचलला, माझ्याजवळ येऊन बसली.

"रंगा, तू गयेला काय सोडलंस?"

"माझ्या आवडीची वस्तू."

"तुझी नव्हती रं ती. आई चुलीपुढं बसून तू दूध पिताना बघायची, तवा तिचं जेवण व्हायचं. मला मिळायचं नाय, मी रुसायची, म्हणून माझ्या ध्यानात हाय." तिनं पेला माझ्या हाताशी आणला. "सोडायचं तर तुझं सोडायचं. तिचं का सोडलंस?"

मी पेला घेतला आणि प्यालो. डोळ्यांतनं पाणी येत होतं, नाकातनं येत होतं, कसं गेलं पोटात ते कळलं नाय. चव सगळी ओळखीची होती. आक्का समोर बसून मी संपवेपर्यंत बघत राहिली.

वातावरण हलकं करायला कौशल्या म्हणाली की बदल्यात तिरसटपणा सोडा, जमलं तर. मी म्हणालो, तो सोडायला अक्षयवटबी पुरायचा नाय. बदल्यात मी पानसुपारी सोडलीय. ती मला खरंच आवडायची, आणि हे मी डॉक्टरना सांगितलंय.

ओला

सगळं आलेलं नाय. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून झोपलेली आहेत. तळपायाखाली कधी कधी वाळू असल्यासारखं वाटतं. इंजेक्शन महिन्याला एक चालू आहे.

पुढच्या हंगामात मालक म्हणाले, नुसते येऊन बसा. मी गेलो. गंगापूरकडच्या एका शेतकऱ्याचा टेम्पो उभा होता. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी उठलो, टेम्पोच्या मागच्या फाळक्यापाशी गेलो आणि उजवा हात कोपरापर्यंत कापसात घातला. वरचा कापूस उन्हानं तापलेला, हलका. हात आत गेला तसं ऊन सरलं. मग बोटांना सरकी लागली, एकेक, टणक, आणि तिच्याभोवती रुई चिकटलेली, जड, दमट. मी डोळे मिटले, दुसऱ्या हातानं फाळका धरला आणि तसाच उभा राहिलो.

शेतकरी घाबरला. "आबा, काय झालं? माल चांगला हाय की."

"ओला हाय," मी म्हणालो.

"सकाळी दव पडलं होतं, तेवढंच."

"नाय गड्या. आतून ओला हाय. लई ओला हाय." आणि मला हसू फुटलं. हसताना डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याला राग येणारच. "माझा भाव पडतोय अन् तुमी हसताय?" तो म्हणाला. माझा तुमच्या हातावर भरवसा नाय, यंत्र लावा, असा तो हटून बसला. बरोबरच होतं त्याचं. मालकांनी ओलावा मोजायचं यंत्र आणवलं, ते मालात खुपसलं, आणि आकडा बघायला सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

मी बघायला गेलो नाय. माझा हात अजून कापसातच होता.